कोण किती बोलतं, कोणाशी बोलतं: मालिकेच्या संवादांवरून इंटरॅक्टिव्ह आलेख

मालिकेच्या संवादांवरून आलेख करायला बसलं की बहुतेक जण आधी एखादी देखणी जाळी निवडतात आणि मग तिच्यात ओतायला माहिती शोधतात. तिथेच गणित बिघडतं. या कामाचा मोठा भाग तक्त्यातल्या एकाच स्तंभावर खर्च होतो: हे वाक्य कोण बोललं? तो स्तंभ भरवशाचा असेल तर साधे आडवे पट्टेही वाचनीय होतात. तो कच्चा असेल तर डी-थ्री या ब्राउझरात आलेख काढणाऱ्या जावास्क्रिप्ट लायब्ररीतली कितीही सफाईदार हालचाल चुकीची गोष्ट अधिक ठासून सांगते, एवढंच. म्हणून या लेखात निम्म्याहून अधिक जागा चित्राच्या आधीच्या कामाला दिली आहे.

आधी प्रश्न, मग स्तंभ

‘पात्रांचं विश्लेषण’ हा प्रश्न नव्हे. कोण जास्त बोलतं हे हवं असेल तर वक्ता आणि शब्दसंख्या पुरते. कोण कोणाशी बोलतं हे हवं असेल तर प्रसंगाच्या सीमा लागतात, शिवाय वाक्य कोणाला उद्देशून आहे हेही. पात्रं कथेत कधी येतात, कधी गळतात, कोणासोबत असतात एवढंच दाखवायचं असेल तर संवादांचा मजकूर लागतच नाही. प्रसंगात कोण हजर होतं याची यादी बास. आणि कोणाची बोलण्याची ढब कशी हे शोधायचं असेल तर प्रत्येक पात्राचे निदान काही हजार शब्द हातात हवेत, नाहीतर योगायोगालाच ढब म्हणण्याची वेळ येते.

आवाका आकड्यांत बघा. बावीस मिनिटांच्या भागाच्या सबटायटल फाइलमध्ये साधारण ४०० नोंदी धरल्या, तर १०० भागांच्या ४०,००० होतात. एका ओळीला वक्ता लावायला पाच सेकंद धरले तरी साडेपंचावन्न तास. म्हणून एका सीझनवर, म्हणजे २० भाग आणि ८,००० ओळींवर, आलेखापर्यंतची सगळी साखळी पूर्ण करा. अकरा तासांच्या त्या कामात तक्त्यात काय कमी पडतं ते कळतं. शंभर भाग संपवल्यावर ते कळलं तर पुन्हा पहिल्या ओळीपासून बसावं लागतं.

कच्चा माल आणि त्याचे दोष

तीन स्रोत असतात: सबटायटल, लिखित संहिता किंवा प्रतिलेख, आणि आवाज.

सबटायटलची एसआरटी फाइल साधी असते. क्रमांक, खाली सुरुवातीची आणि शेवटची वेळ, त्याखाली मजकूर, मग रिकामी ओळ. वेळेत सेकंदानंतर स्वल्पविराम असतो; वेब-व्हीटीटी फाइलमध्ये त्याच जागी टिंब असतं. दोन्ही प्रकार एकत्र वाचताना पहिली चूक इथे होते. वेब-व्हीटीटीत वक्त्याचं नाव लिहिण्याची सोय आहे, पण ती फारसं कोणी वापरत नाही. कर्णबधिरांसाठीच्या सबटायटलमध्ये नाव सापडतं, तेही बहुधा बोलणारा पडद्यावर दिसत नसेल तेव्हाच.

सबटायटल म्हणजे संवाद नव्हेत, हे मनात पक्कं करा. वाचायला वेळ मिळावा म्हणून मजकूर आखडता घेतलेला असतो. भरभर बोलणाऱ्या पात्राचे शब्द त्यात जास्त कापले जातात, त्यामुळे मालिकेतलं सगळ्यात बडबडं पात्र आलेखात आहे त्यापेक्षा शांत दिसतं. दुसऱ्या भाषेतल्या अनुवादित सबटायटलवरून शब्द मोजले तर आपण अनुवादकाचे शब्द मोजत असतो. आणि नोंदीची वेळ म्हणजे ती पडद्यावर किती वेळ होती एवढंच. बोलायला लागलेला वेळ म्हणून ती वापरू नका. कोणता स्रोत वापरला हे आलेखाखाली एका ओळीत लिहावं ते यासाठी.

मोजणीपूर्वी फाइल धुवावी लागते. पहिल्या किंवा शेवटच्या नोंदीत कधी सबटायटल करणाऱ्याचं नाव किंवा जाहिरात असते, ती काढा. चौकटी कंसातले आवाज, संगीताच्या खुणा असलेल्या ओळी आणि शीर्षकगीत काढा. शीर्षकगीत राहिलं तर शंभर भागांत शंभरदा मोजलं जातं. एका नोंदीत आडव्या रेघेने सुरू होणाऱ्या दोन ओळी असतील तर ते दोन वक्ते आहेत, त्यांच्या दोन नोंदी करा. उलट, वाक्य एका नोंदीत सुरू होऊन पुढच्या नोंदीत संपत असेल तर ते जोडा. पहिल्या नोंदीच्या शेवटी पूर्णविराम, प्रश्नचिन्ह किंवा उद्गारचिन्ह नाही आणि मधली फट एका सेकंदाहून कमी आहे, एवढा नियम बहुतेक ठिकाणी चालतो.

संहितेत वक्त्याची नावं असतात, पण चित्रीकरणाची संहिता आणि प्रसारित झालेला भाग सारखे नसतात. संकलनात प्रसंग उडतात, संवाद बदलतात. प्रेक्षकांनी ऐकून लिहिलेले प्रतिलेख प्रसारित भागाच्या जवळ असतात, मात्र काही भाग शब्दशः आणि काही भाग सारांशासारखे, असा त्यांचा दर्जा हलत राहतो. संहिता फाउंटन या साध्या मजकुरात संहिता लिहिण्याच्या स्वरूपात असेल तर आणखी एक मेख आहे: ते स्वरूप पात्राचं नाव मोठ्या लिपीवरून, म्हणजे इंग्रजीतल्या कॅपिटल अक्षरांवरून, ओळखतं आणि देवनागरीत मोठी-लहान लिपी नाहीच. तिथे नावाआधी ॲट-चिन्ह (@) द्यावं लागतं.

सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे दोहोंचा जोड: नाव प्रतिलेखातून, वेळ सबटायटलमधून. दोन्हींतली विरामचिन्हं काढा, मोकळ्या जागा एकसारख्या करा आणि एकेका भागापुरत्याच ओळी जुळवा. संपूर्ण सीझनभर जुळवायला गेलात तर ‘हो’, ‘काय?’, ‘चल’ कुठेही चिकटतात. क्रम उलटू द्यायचा नाही: प्रतिलेखातली पन्नासावी ओळ सबटायटलच्या साठाव्या नोंदीला लागली, की एक्कावन्नावी साठाव्याच्या आधी लागता कामा नये. ० ते १ या मोजपट्टीवर साम्य ०.८ च्या वर असेल तर स्वीकारा, ०.६ ते ०.८ डोळ्यांनी तपासा, त्याखाली वक्ता रिकामा ठेवा. तीन शब्दांहून लहान ओळी शेवटी घ्या, आजूबाजूच्या पक्क्या ओळींच्या आधाराने. पायथनच्या डिफलिब मोड्यूलमधला साम्य मोजणारा सीक्वेन्समॅचर वापरत असाल तर ऑटोजंक हा पर्याय बंद करा. ताडायच्या दोन मजकुरांपैकी दुसरा २०० घटकांचा किंवा त्याहून लांब झाला की तो वारंवार येणारे घटक आपोआप बाद धरतो. लांब मजकूर अक्षरागणिक ताडताना त्यामुळे साम्य विनाकारण कोसळतं, आणि कारण शोधण्यात दिवस जातो.

जोडूनही वेळ हळूहळू सरकत गेली, सुरुवातीला बरोबर आणि शेवटी चुकीची, तर फ्रेम-दराचा घोळ आहे. सेकंदाला २३.९७६ आणि २५ फ्रेमच्या आवृत्त्यांत सुमारे ४.३ टक्के फरक पडतो. बेचाळीस मिनिटांच्या भागाच्या शेवटी तो जवळजवळ पावणेदोन मिनिटांवर जातो. सगळ्या वेळा एकाच गुणकाने गुणल्या की सुटतो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत फरक सारखाच असेल तर मात्र नुसती बेरीज-वजाबाकी करायची.

आवाजावरून काम करणं हा शेवटचा उपाय. ओपनएआयचं २०२२ मध्ये आलेलं व्हिस्पर मजकूर काढून देतं, पण बोललं कोण ते सांगत नाही. त्यासाठी पायॲनोटसारखं वक्ते वेगळे करणारं साधन लागतं आणि तेही ‘वक्ता ०’, ‘वक्ता १’ एवढंच देतं. नावं हातानेच लावायची. एकच पात्र ओरडताना आणि कुजबुजताना दोन वक्ते बनतं, पार्श्वसंगीतात दोन पात्रं एक होतात, आणि शांततेत व्हिस्पर कधीकधी कोणीच न बोललेली वाक्यं लिहून मोकळं होतं.

तक्ता

एक ओळ म्हणजे एका पात्राचं एक सलग बोलणं. स्तंभ असे: सीझन, भाग, प्रसंग, ओळ-क्रमांक, सुरुवात, शेवट, वक्ता, उद्देशून, मजकूर, शब्दसंख्या आणि खात्री. शेवटचा स्तंभ फार जण ठेवत नाहीत, ठेवा. हाताने तपासलेल्या ओळीला ३, जुळणीतून आलेल्या ओळीला २, अंदाजाने भरलेल्या ओळीला १. पुढे एखादा आकडा विचित्र दिसला की आधी खात्री १ असलेल्या ओळी गाळून पाहता येतं.

वक्त्याच्या स्तंभात नाव नको, ओळखसंकेत हवा. पात्रांचा वेगळा तक्ता करा: संकेत, दाखवायचं नाव, संहितेत येणारी सगळी पर्यायी नावं, रंग. ‘विक्रम’, ‘इन्स्पेक्टर’, ‘साहेब’ आणि ‘विक्रमचा आवाज’ ही एकच व्यक्ती असते, पण ‘साहेब’ कुठल्यातरी भागात दुसऱ्यालाही म्हटलेलं असतं, म्हणून सरसकट अदलाबदल करू नका. पर्यायी नाव कोणत्या भागांपुरतं लागू आहे तेही लिहा. नावांचे जवळपास सारखे प्रकार शोधायला ओपनरिफाइन या तक्ते साफ करणाऱ्या साधनातली क्लस्टर सोय उत्तम आहे.

देवनागरीत एक दोष डोळ्यांना दिसतच नाही. ‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकलेला असतो: एकात खास ऱ हे अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र दोन वेगळी नावं वाटतात. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराचे वेगळे संकेत एकसारखे करणं) सगळ्या मजकुरावर चालवा, पण तेवढ्याने हा प्रश्न मिटत नाही. दुसरा प्रकार पहिल्यात बदलण्याचा नियम स्वतंत्र लिहावा लागतो. नावाच्या शेवटच्या मोकळ्या जागाही तेव्हाच छाटा.

काही निर्णय आधीच लिहून ठेवायचे असतात. निवेदक हे पात्र मानायचं का? फोनवरचा आवाज प्रसंगात हजर धरायचा का? एकाच पात्राचं बालपण दुसऱ्या कलाकाराने केलं असेल तर संकेत एक की दोन? ‘सगळे’ म्हणून लिहिलेली ओळ कोणाच्या खात्यावर? यांना बरोबर उत्तर नाही. दहाव्या भागात एक आणि चाळिसाव्या भागात दुसरं, असं झालं की आलेख बिघडतो.

तक्ता एक्सेलमध्ये उघडणार असाल तर दोन खबरदाऱ्या. भागाचा क्रमांक ‘१-५’ अशा धर्तीवर लिहिलात तर तो तारीख होऊन बसतो. सीझन आणि भाग वेगळ्या स्तंभांत ठेवा. आणि सीएसव्ही फाइल बीओएमसह (फाइलच्या सुरुवातीची अदृश्य खूण) यूटीएफ-८ मध्ये जतन करा, नाहीतर देवनागरीचा चुराडा दिसतो. तीच फाइल पायथनमध्ये वाचताना यूटीएफ-८-सिग असं एन्कोडिंग सांगा. नाही सांगितलंत तर पहिल्या स्तंभाच्या नावाला अदृश्य चिन्ह चिकटून येतं आणि ‘सीझन’ नावाचा स्तंभच नाही अशी तक्रार येते.

प्रसंगाच्या सीमा आपोआप मिळतील ही आशा सोडा. पायसीनडिटेक्टसारखी साधनं कॅमेऱ्याचा कट ओळखतात, प्रसंग नव्हे. दोघांच्या संभाषणात कॅमेरा इकडून तिकडे गेला की प्रत्येक वेळी नवा कट पडतो. संवादांतली मोठी फट हा नियमही फसतो, कारण शांतता प्रसंगाच्या आतही असते. दुप्पट वेगाने भाग पाहत सीमा हाताने टिपणं हेच स्वस्त पडतं. बावीस मिनिटांच्या भागाला पंधरा मिनिटं लागतात, आणि त्याच फेरीत न बोलता हजर असलेली पात्रंही नोंदवता येतात. ती कुठल्याच संवाद-फाइलमध्ये नसतात.

मोजणी

शब्द मोजण्यासारखं सोपं काम देवनागरीत हमखास चुकतं. पायथनच्या मूळ आरई या मजकुरात नमुने शोधणाऱ्या मोड्यूलमधलं शब्द ओळखणारं चिन्ह (\w) काना-मात्रा-वेलांटीला अक्षर मानत नाही. ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे होतात. जावास्क्रिप्टमधलं तेच चिन्ह देवनागरी अजिबात ओळखत नाही, तिथे उत्तर शून्य येतं. मोकळ्या जागेवर तोडा, दोन्ही टोकांची विरामचिन्हं काढा, उरलेले तुकडे मोजा. एवढं पुरतं.

एकूण शब्दांवरून क्रम लावू नका. जे पात्र १०० भागांत आहे ते १२ भागांतल्या पात्रापेक्षा जास्त बोलणारच. दोन आकडे शेजारी ठेवा: हजेरी असलेल्या भागांमागे सरासरी शब्द, आणि त्या भागातल्या एकूण शब्दांपैकी वाटा. अगदी छोट्या भूमिकांसाठी किमान मर्यादा घाला. १०० शब्दांखालचं पात्र आलेखात वेगळं न दाखवता ‘इतर’मध्ये जाऊ द्या, पण मूळ तक्त्यातून पुसू नका.

कोण कोणाशी बोललं, हे दोघांच्या प्रसंगात निर्विवाद असतं. तिघांपासून गुंता सुरू होतो. प्रचलित नियम असा की आधी जो बोलला त्यालाच हे उत्तर आहे; प्रसंगाची पहिली ओळ असेल तर पुढच्या वक्त्याला उद्देशून. संबोधनात नाव आलं असेल तर ते या नियमावर मात करतं. नियम चालवल्यावर तिघांहून अधिकांच्या प्रसंगांतल्या २०० ओळी यदृच्छेने निवडून हाताने ताडा. पाचातली एकाहून जास्त चुकत असेल तर दिशा दाखवणारे बाण सोडून द्या आणि फक्त ‘एका प्रसंगात सोबत’ एवढंच दाखवा. अर्धवट खऱ्या बाणांपेक्षा ते बरं.

सोबतीच्या मोजणीत गर्दीचे प्रसंग गोंधळ घालतात. बारा जणांच्या एका समारंभातून ६६ जोड्या निघतात, आणि तसे चार प्रसंग असले की एकमेकांशी शब्दही न बोललेली पात्रं जिवलग दिसू लागतात. प्रत्येक जोडीला १ देण्याऐवजी, उपस्थितांतून एक वजा करून त्या संख्येने १ ला भागा: दोघांत पूर्ण १, बारांत एक-अकरांश. न्यूमन यांनी २००१ मध्ये शास्त्रज्ञांच्या सहलेखनाच्या जाळ्यांसाठी हे वजन वापरलं होतं. पात्रांनाही ते नेमकं बसतं.

पात्राचे खास शब्द काढताना नुसत्या वारंवारतेने सगळ्यांच्या यादीत ‘आहे, नाही, मी, काय’ येतं. मग टीएफ-आयडीएफकडे, म्हणजे सगळीकडे आढळणाऱ्या शब्दांचं वजन कमी करणाऱ्या सूत्राकडे, वळलं जातं आणि तेही इथे लंगडतं. एका पात्राचा सगळा मजकूर हा एक दस्तऐवज मानला तर दस्तऐवज जेमतेम वीस. एखादा शब्द नायिकेने २०० वेळा आणि बाकी प्रत्येकाने एकदा वापरला, की ‘सगळीकडे आढळतो’ म्हणून नेहमीच्या सूत्रात त्याचं वजन शून्य होतं. खरं तर तोच तिचा शब्द. मन्रो, कोलारेसी आणि क्विन यांनी २००८ मध्ये मांडलेली लॉग-ऑड्सची रीत वापरा. ती पात्राचा शब्द-वापर इतरांच्या वापराशी ताडते आणि थोड्या मजकुराच्या पात्रांना आवरून धरते. पालुपदं हवी असतील तर तीन ते पाच शब्दांच्या सलग मालिका काढा आणि निदान पाच वेगळ्या भागांत आल्या पाहिजेत अशी अट घाला, नाहीतर एका भागात म्हटलेलं गाणं पहिल्या क्रमांकावर येतं. मराठी संवादांत ‘घर, घरात, घराला, घरी’ चार वेगळे शब्द मोजले जातात. मूळ रूपाकडे नेणारं साधन हाताशी नसेल तर पहिले तीनशे शब्द हाताने गटवा; त्या पुढचे आलेखात फारसे येतच नाहीत.

कोणतं चित्र

पहिला आलेख म्हणून पात्रं उभी, भाग आडवे, आणि चौकोनाचा रंग म्हणजे त्या भागातले शब्द, असा उष्णता-नकाशा करा. तो कंटाळवाणा वाटतो खरा. पण कोण कधी आलं, कोण गळालं, कोणत्या भागात एकाच पात्राने मैदान मारलं हे एका नजरेत दिसतं. तक्त्यातल्या चुकाही इथेच उघड्या पडतात: सलग ओळीत मध्येच एक कोरा चौकोन म्हणजे बहुतेक वेळा नाव चुकलेलं असतं.

बिंदू-रेषांची जाळी सगळ्यांना हवी असते. १५ ते २० पात्रांपर्यंत ती बोलकी असते, पुढे केसांचा गुंता होतो. गोनिएम, फेकेत आणि कास्ताग्लिओला यांच्या २००४ मधल्या प्रयोगांत वीसहून अधिक बिंदू झाले की चौकटींचा तक्ता, म्हणजे मॅट्रिक्स, बहुतेक प्रश्नांना सरस ठरला. एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंतची वाट शोधायला मात्र जाळीच सोपी. मॅट्रिक्स करायचा तर नावं अकारविल्हे लावू नका. एकमेकांसोबत असणारी पात्रं शेजारी येतील अशी गटवारी लावली की कर्णावर ठोकळे दिसतात: हे घर, हे ऑफिस, हे पोलीस ठाणं. दोन प्रमुख पात्रांची चौकट इतकी गडद येते की बाकी सगळं फिकट पडतं. रंगासाठी लॉग स्केल घ्या, म्हणजे दर दहापटीला सारखाच टप्पा पडतो.

तिसरा प्रकार कथारेषांचा: प्रत्येक पात्र एक रेषा, काळ डावीकडून उजवीकडे, एका प्रसंगात असलेल्यांच्या रेषा एकत्र येतात. एक्सकेसीडी या चित्रमालिकेने २००९ मध्ये चित्रपटांचे असे हाती काढलेले आलेख दिले आणि मग ही रीत पसरली. एका भागासाठी ती लाजवाब आहे, पूर्ण मालिकेसाठी नाही. रेषांचे छेद कमी करणारा क्रम लावणं हेच तिथलं खरं काम, आणि आपोआप लावलेल्या क्रमात हाताने दुरुस्ती जवळजवळ नेहमीच करावी लागते.

शब्दांचा ढग टाळा. लांब शब्द मोठा दिसतो, बाकी त्यातून काही कळत नाही.

बांधणी

कोड लिहायचं नसेल तर जाळीसाठी गेफी आणि तयार साच्यांसाठी फ्लरिश पुरेसं आहे. पुढचं सगळं डी-थ्री धरून आहे.

एचटीएमएल फाइलवर दोनदा टिचकी मारून ती उघडली तर पान कोरं राहतं, कारण ब्राउझर तशा पानाला शेजारची डेटा-फाइल वाचू देत नाही. फोल्डरमध्ये पायथनचा स्थानिक सर्व्हर चालू करा आणि त्या पत्त्यावरून पान उघडा.

सगळी बेरीज आधीच करून ठेवा. ब्राउझरला ४०,००० ओळी मोजायला लावू नका. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. ओळीला ६० चिन्हं धरली तर नुसता मजकूर ७ मेगाबाइटच्या वर जातो. तीन थर करा: पान उघडताच लागणारी पात्रांची आणि बेरजांची छोटी फाइल, प्रत्येक सीझनची प्रसंगवार फाइल, आणि संवादांचा मजकूर, तो वाचकाने चौकोन निवडल्यावरच मागवायचा. जेसनमध्ये प्रत्येक ओळीत स्तंभांची नावं पुन्हा लिहिली जातात, त्यामुळे ओळींच्या फाइलसाठी सीएसव्हीच हलकी पडते.

जाळीतल्या वर्तुळाचा आकार शब्दसंख्येनुसार देताना वर्गमूळ स्केल वापरा. त्रिज्या थेट शब्दांच्या प्रमाणात ठेवली तर दुप्पट बोलणारं पात्र चौपट क्षेत्रफळ व्यापतं. डी-थ्रीच्या बलरचनेत (बिंदू एकमेकांना ढकलतात आणि रेषा त्यांना ओढतात अशी मांडणी) बिंदूंमधलं प्रतिकर्षण मुळात उणे ३० असतं, ते पंधरा-वीस पात्रांना अपुरं पडतं. उणे २०० ते उणे ४०० मध्ये प्रयोग करा. रेषेची लांबी ६० ते १२० पिक्सेल, आणि टक्कर टाळणाऱ्या बलाची त्रिज्या वर्तुळाहून ४ पिक्सेल जास्त. मूळ मांडणी स्थिरावायला सुमारे ३०० फेऱ्या घेते. त्या आधीच चालवून जागा फाइलमध्ये लिहून ठेवा, म्हणजे पान उघडताच बिंदू थरथरत नाहीत. दुसरा फायदा मोठा आहे: वाचकाने सीझन बदलला की जागा त्याच राहतात आणि फक्त रेषांची जाडी बदलते. प्रत्येक सीझनला नवी मांडणी आली की काय बदललं हे कोणालाच सांगता येत नाही.

रंग सहा-सात प्रमुख पात्रांनाच द्या, बाकी राखाडी. ओकाबे-इतो यांची आठ रंगांची मालिका रंगांधळ्या वाचकांनाही वेगळी दिसते. एका पात्राचा रंग सगळ्या आलेखांत तोच राहिला पाहिजे, क्रम बदलला तरी. म्हणून तो पात्रांच्या तक्त्यात लिहायचा.

उष्णता-नकाशाचे २,००० चौकोन एसव्हीजीत, म्हणजे प्रत्येक आकार वेगळा ठेवणाऱ्या चित्रात, आरामात चालतात. एकेका संवादाचा ठिपका काढून ४०,००० दाखवायचे असतील तर कॅनव्हास, म्हणजे पिक्सेलचा एकसंध फलक, घ्या, जवळचा ठिपका शोधायला क्वाडट्री ही जागा चौकटींत विभागून शोधणारी रचना वापरा, आणि उपकरणाच्या पिक्सेल-गुणोत्तराने कॅनव्हास मोठा करायला विसरू नका, नाहीतर अक्षरं धुरकट येतात.

मोबाइलवर माउस वर नेण्याचा प्रकारच नसतो. ३६० पिक्सेल रुंदीतून नावांना १०० गेले, उरलेल्यात शंभर भाग बसवले तर चौकोन अडीच पिक्सेलचा होतो. एका वेळी एकच सीझन दाखवा. तेव्हाही १३ पिक्सेल मिळतात आणि बोटाला निदान २४ लागतात. म्हणून नेम धरायला लावू नका. पूर्ण उभा पट्टा स्पर्शाला प्रतिसाद देईल असं करा आणि माहिती तरंगत्या खिडकीऐवजी तळाच्या स्थिर पट्टीत दाखवा. तरंगती खिडकी बोटाखालीच झाकली जाते.

देवनागरी लेबलांचे स्वतःचे हट्ट आहेत. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते. तो गुणधर्म शून्यच ठेवा. वर्तुळाकार मार्गावर नावं लिहिली तर काही ब्राउझरांत जोडाक्षरं फुटतात. लांब नाव पहिल्या पाच चिन्हांवर कापलं तर शेवटी लोंबकळता हलन्त किंवा अर्धवट अक्षर राहतं. जावास्क्रिप्टच्या इंटल-सेगमेंटरने अक्षरागणिक तोडा. लेबलाची रुंदी फॉन्ट उतरल्यावरच मोजा. आधी मोजलीत तर पर्यायी फॉन्टची रुंदी धरून नावं एकमेकांवर चढतात.

शोधपेटी दिलीत तर वाचकाने टंकलेल्या शब्दावरही तेच सामान्यीकरण चालवा जे मजकुरावर चालवलं होतं. नाहीतर ‘दुसऱ्या’ शोधल्यावर काहीच सापडत नाही, आणि समोर तो शब्द दिसत असतो.

पान खुलं करण्याआधी

कोणतेही तीन चौकोन निवडा, त्या भागांतले संवाद हाताने मोजा आणि आकडा ताडा. मग सगळ्या पात्रांच्या शब्दांची बेरीज मूळ फाइलमधल्या एकूण शब्दांशी जुळते का पाहा. फरक वक्ता न लागलेल्या ओळींइतकाच असायला हवा. त्या ओळींचं प्रमाण आलेखाखाली टक्क्यांत द्या.

संवादांवर हक्क निर्मात्यांचा असतो. आकडे आणि मोजकी अवतरणं एक गोष्ट, संपूर्ण संवादांची फाइल सर्व्हरवर ठेवणं दुसरी. आणि पानावर दिसत नसली तरी ब्राउझर जी फाइल उतरवतो ती कोणालाही मिळते. मजकूर द्यायचाच असेल तर शोधाशी जुळणारी एकेक ओळ द्या.

शेवटचा मुद्दा प्रेक्षकांच्या रागाचा. उष्णता-नकाशात एखाद्या पात्राची ओळ ६३व्या भागात थांबली की ते पात्र मेलं हे मालिका अर्धी पाहिलेल्याला कळतं. वरच्या बाजूला ‘मी इथपर्यंत पाहिलं आहे’ अशी सरकपट्टी द्या आणि ती सुरुवातीला पहिल्या सीझनच्या शेवटावर ठेवा. नुसते पुढचे चौकोन झाकून भागत नाही. पात्रांचा क्रम, वर्तुळांचे आकार, एकूण शब्द, शोधाचे निकाल आणि पुढच्या सीझनमध्ये येणाऱ्या पात्रांची नावं, सगळं त्या मर्यादेपर्यंतच मोजलेलं हवं. जाळीतली रिकामी जागाही चुगली करते, कारण मांडणी पूर्ण मालिकेवरून काढलेली असते. सरकपट्टीमागे नसलेल्या पात्रांसाठी भोक दिसू लागलं तर त्या सीझनपुरती वेगळी मांडणी साठवणं भाग आहे.